अठरावी पायरी

तात्या,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. मोजायची सवय काही जात नाही. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून आपण दिवस मोजायला लागायचो, आणि एकवीस पुरे झाल्याशिवाय खालचा एकही टेकू काढायचा नाही, हा आपल्या बांधकाम मंडळाचा नियम. कुणी घाई केली तर भर बैठकीत तुम्ही त्याची हजेरी घ्यायचात. काल सकाळी चहा घेताना माझ्या मनात आलं, एकवीस झाले, आता हरकत नाही. कशाला हरकत नाही, ते माझं मलाच कळेना. कप हातात तसाच राहिला आणि चहा निवला.

हल्ली पहाटे एकच स्वप्न पडतं. मंडळाच्या इमारतीचा जिना मी चढतोय. पायऱ्या मोजतोय, अर्थात. पंधरा, सोळा, सतरा. अठरावी येतच नाही, पुन्हा सतराच. वर सभागृह असायला हवं, पण तिथं नुकता टाकलेला उघडा स्लॅब आहे, त्यावर पाण्यानं भरलेले वाफे, आणि प्रत्येक वाफ्यात आभाळाचा एकेक तुकडा. तुम्ही धोतराचा सोगा हातात धरून वाफ्यांच्या बांधांवरून चालताय. पाय जराही ओला होत नाही. मी खालून हाक मारतो, तर वळून एवढंच म्हणता, "सावकाश, इंजिनेर." मग मला जाग येते. बायको म्हणते, तुम्ही झोपेत आकडे बोलता.

मंडळाच्या अंकासाठी तात्यांवर लिही, असं किसनशेठ म्हणाले. जन्म कुठला, कामं कोणती, पदं कोणती, सगळं यायला हवं म्हणाले. किसनशेठ पडले वीटभट्टीवाले, त्यांना सगळं थप्पी लावल्यासारखं हवं असतं. ते दुसरं कुणी लिहो. तुम्ही किती इमारती बांधल्या हे तुम्हालाच सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हणायचात, "ज्या उभ्या हाईत त्या मोजा." मला तुमच्याशी त्या पायरीबद्दल बोलायचं आहे, आणि मंडळातल्या सगळ्यांच्या देखत बोलायचं आहे.

आपली ओळख झाली ती पाऊण इंचावरून. माझे वडील साठ-बासष्टच्या सुमारास कंपनीत लागले आणि आम्ही सोलापूरकडून पिंपरीला आलो. तेव्हा इथं एकीकडे कारखान्यांच्या शेड उठत होत्या आणि त्यांना खेटून ज्वारी उभी असायची. कंपनीचा भोंगा झाला की ज्वारीतली पाखरं उठायची. वडील दिवसभर मशीनवर उभे राहायचे आणि मला सांगायचे, हे जे बांधतायत ना, ते कागदावर काढणारा हो. मी डिप्लोमा केला. वस्तीतला पहिला इंजिनियर म्हणून विहारात माझा सत्कार झाला आणि त्याच आठवड्यात कामगारांच्या चाळींच्या कामावर मी सुपरवायझर म्हणून रुजू झालो. तिथं तुम्ही होता. देहूच्या अलीकडचं इंद्रायणीकाठचं तुमचं गाव, निम्मी जमीन कारखान्यांत गेलेली, म्हणून हातात थापी धरलेली. पहिल्याच दिवशी नवीन टेप लावून मी ऐटीत म्हणालो, भिंत अर्धा इंच बाहेर आहे. तुम्ही एक डोळा मिटून पाहिलंत आणि म्हणालात, "पाऊन." मी पुन्हा मोजलं. पाऊण होतं.

दुपारी तुम्ही फडकं सोडलंत आणि अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं ठेवलीत. आडनाव विचारलं नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर मी घरून तयार करून नेलं होतं, ते तसंच खिशात राहिलं. आडनाव तुम्ही पुढे काही वर्षांनी विचारलंत, तेही मंडळाच्या वहीत लिहायचं होतं म्हणून.

मंडळ काही मोठा विचार करून निघालं नाही. सिमेंट परमिटवर मिळायचं ते दिवस. एकाचा स्लॅब अर्ध्यावर अडायचा आणि दुसऱ्याच्या गोदामात पोती दगड होऊन पडायची. तुम्ही दहा-बारा ठेकेदार गोळा केलेत आणि सांगितलंत, ज्याचा स्लॅब चालू आहे त्याच्याकडे जायला पोत्यांना आधी पाय फुटले पाहिजेत. लिहिता येतं म्हणून मी चिटणीस. वयानं सगळ्यांत मोठे म्हणून तुम्ही अध्यक्ष. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी, ज्या सभासदाचा स्लॅब पाण्याखाली असेल त्या स्लॅबवर बैठक, ही पद्धत तुमचीच. मी म्हणालो होतो की शाळेचा एखादा वर्ग मागू. तुम्ही म्हणालात, "घरात बसली की मानसं हवं ते बोलत्यात. स्लॅबावर बसली की काम बघून बोलत्यात."

त्या बैठका आठवल्या की मला त्यातलं बोलणं कमी आठवतं आणि पाणीच जास्त आठवतं. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबवर वाळू-सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी कोंडलेलं. शेतकऱ्याचे डोळे तुमचे, तुम्ही त्यांना वाफे म्हणायचात आणि मग सगळेच म्हणायला लागले. आपण कडेला विटांवर बसायचो. खाली पिंपरी, पलीकडे पवनेच्या अंगाची झाडी, कंपन्यांची धुराडी, आणि आपल्या पायांशी तीस-चाळीस चौकोनांत हळूहळू विझत जाणारं आभाळ. दुसऱ्या शिफ्टच्या बसेस खालून जायच्या तेव्हा ते सगळे चौकोन एकदम थरथरायचे. कुणी तावातावानं वाळूच्या दर्जावर बोलत असायचं आणि माझं लक्ष उडून पाण्यात जायचं. तुम्ही कोपरानं ढोसायचात, "लिवा की, इंजिनेर."

पहिल्या बैठकीत माझा चहाचा कप वेगळा राहिला होता. कुणी ठेवला ते मला आजही माहीत नाही, आणि आता शोधायचंही नाही. तुम्ही तो उचललात, त्यातला घोटभर चहा प्यालात, माझ्या हातात दिलात आणि खडीबद्दल बोलत राहिलात. पुढच्या बैठकीला सगळे कप एकाच ताटात आले.

आता भांडणाकडे येतो. ते येणारच, तात्या. आपण दोघं बसलो आणि भांडलो नाही असं कधी झालंय?

तेव्हा आपल्याकडे सगळं काम अंदाजावर. नकाशा म्हणजे नगरपालिकेत शिक्का मारून घ्यायचा कागद, तो एकदा पास झाला की पत्र्याच्या पेटीत. पुढचं सगळं गवंड्याच्या डोळ्यावर आणि वितीवर. चिंचवडला आपल्याच एका सभासदाच्या इमारतीत दोन गवंडी दोन टोकांकडून फरशी घालत आले आणि मधल्या दारात भेटले, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या जमिनीपेक्षा तीन इंच वर. दोघंही शपथेवर सांगत होते की माझं बरोबर आहे. ते पाहून मी ठराव मांडला, मंडळातल्या सभासदाचं काम नकाशाप्रमाणेच होईल. तुम्ही विरोधात उभे राहिलात आणि दोन वर्षं उभेच राहिलात.

तुमचं म्हणणं सरळ होतं. "कागद काढनारा सावलीत बसतो. काम उनात व्हतं. उनात जे दिसतं ते सावलीत दिसत न्हाई." मी म्हणायचो, तात्या, तुमचा डोळा तुमच्याबरोबर जाणार. मागे राहणाऱ्यांनी काय करायचं? त्यावर तुम्ही म्हणायचात, "त्ये बी खरंच हाय. पन न्हाई." असं दोन वर्षं चाललं. ह्या दोन वर्षांत, गंमत म्हणजे, दर रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी गवंड्यांना नकाशा वाचायला शिकवायचो, आणि पहिल्या ओळीत, दोरा बांधलेला चष्मा लावून, तुम्ही. पहिल्या रविवारी कागद उलटा धरून म्हणालात, "आसा बी बरा दिसतोय." सगळे हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त. सहा महिन्यांत तुम्ही माझ्याच नकाशातल्या खिडक्या मोजून सांगायला लागलात की एक कमी आहे.

मग एका शनिवारी, कुणाच्या स्लॅबवर ते आठवत नाही, पण वाफ्यांत पाणी काठोकाठ होतं, तुम्ही आपणहून म्हणालात, ठराव घ्या. काम कागदाप्रमाणंच होईल. शंका आली तर गवंड्यानं आपल्या मनानं बदल करायचा नाही, कागद काढणाऱ्याला विचारायचं. आणि तिसरं कलम तुम्ही घातलंत, ते मी तुमच्याच शब्दांत लिहून घेतलं. विचारायला माणूस आला, की कागदवाल्यानं सावलीतनं उठायचं आणि कामावर येऊन बघायचं. तुम्ही वाकून ओंजळ वाफ्यात बुडवलीत आणि म्हणालात, "आजपासनं माझा मापाचा गज कागदाच्या हुकमात." टाळ्या वाजल्या. माझे डोळे भरून आले होते, ते मी वहीत खुपसले.

ठरावानंतरचं पहिलं काम मंडळाच्या स्वतःच्या इमारतीचं. खाली दोन खोल्या, वर सभागृह. नकाशा माझा, काम तुमचं. ह्याहून चांगली सुरुवात कोणती, असं सगळेच म्हणत होते.

जिन्याचा हिशेब पोरखेळ असतो. चढायची उंची घ्यायची, तिचे सारखे भाग करायचे. मी अठरा केले. पण उंची मी खालच्या फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत धरली. वर स्लॅबवर वाळू-सिमेंटच्या मसाल्याचा जाड थर येणार, त्यावर शहाबादी फरशी बसणार आणि जमीन वर उचलली जाणार, हे मी धरलंच नाही. पायऱ्यांवरही फरशी बसते, पण पातळ थरावर. म्हणजे सतरा पायऱ्या बरोबर आणि शेवटची दीड इंच उंच. पायाला दीड इंच फार असतो. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणूनच माणूस पडतो.

तुम्हाला तो कागदावरच दिसला. त्या सकाळी मी घाईत होतो, दुसऱ्या एका कामाचे नकाशे दुपारी द्यायचे होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. पाय सिमेंटनं ओले, म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच. म्हणालात, "इंजिनेर, जिन्याचं जरा येऊन बघता का? शेवटची पायरी. वर फरशी येनार हाय नव्हं?"

मी मान वर केली नाही. हे वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली, तात्या. मी मान वर केली नाही आणि म्हणालो, "दोन वर्षं भांडून ठराव केला तो कशासाठी? कागदावर आहे तसं करा."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. नंतर मी उठलो तेव्हा उंबऱ्याबाहेर तुमच्या पावलांचे ठसे पांढरे पडून वाळले होते. ते पाहून मला राग आला, आता कुणाला तरी पुसायला लागणार म्हणून.

उद्घाटनाचा दिवस तुम्हाला माझ्याहून जास्त आठवत असेल. नगरपालिकेतले वयस्कर पाहुणे, हातात ताट, ताटात नारळ. सतरा पायऱ्या ते डौलात चढले आणि अठराव्या पायरीला त्यांचा पाय अडकला. चौघांनी त्यांना धरलं म्हणून ते वाचले, पण नारळ सुटला आणि एकेक पायरी टप्प टप्प करत खाली जाऊन दारात थांबला. सगळं बांधकाम मंडळ जमलेलं, आणि मंडळाच्याच जिन्यावर पाहुणा धडपडला! किसनशेठनी बसून टिचभर पट्टी लावली, उठले आणि विचारलं, "कुनाची ही करनी?" सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. नकाशा माझा होता. त्या नजरांतल्या दोन-तीन नजरा मी ओळखत होतो, लहानपणापासून ओळखत होतो. "शेवटी कोण ते कळलंच" असं म्हणणाऱ्या.

माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं झालं. माप घेताना चुकलो."

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही आणि मग हशा पिकला. तात्या चुकला! पाऊण इंच एका डोळ्यानं ओळखणारा तात्या! त्या दिवसापासून त्या पायरीला तुमचं नाव पडलं. नवीन माणूस अडखळला की कुणीतरी म्हणायचं, जपून, तात्यांची पायरी. जुन्यांचे पाय आपोआप दीड इंच जास्त उचलायला शिकले. पुढच्या बैठकीत इतिवृत्त लिहायची वेळ आली आणि माझं पेन थांबलं. तुम्ही नेहमीसारखं कोपरानं ढोसलंत, "लिवा." मी लिहिलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या मापातली चूक तात्यांनी मान्य केली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. ते वाक्य फार सुबक आलंय.

तुम्हाला एकदाच जाब विचारला, ते चाकणच्या रस्त्यावर. बाजारात कांद्याच्या शेडचं काम पाहायला आपण ट्रकमधून चाललो होतो. सकाळचं धुकं होतं, कांद्याच्या गाड्या समोरून धुक्यातून उगवायच्या आणि शेजारून गेल्यावर पुन्हा धुक्यात जायच्या. मी म्हणालो, तात्या, तुम्ही माझ्यावर दया केलीत. माझ्या आडनावावर दया केलीत. मला ती नको होती.

तुम्ही खिडकीची काच खाली केलीत. मग म्हणालात, "तुमाला येवढंच दिसलं व्हय? आवो, दोन वरसं तुमी घसा फोडून सांगितलं का कागद खरा. पयल्याच कामाला कागद खोटा निघाला असता, तर दुसऱ्या दिशी समदे परत अंदाजावर आले असते. मग त्या मधल्या दारात तीन इंच वर, तीन इंच खाली. मी कागद वाचीवला."

"म्हणजे माझ्यासाठी नाही केलंत?"

तुम्ही हसलात. "तुमच्यासाठी बी केलं थोडं. किती, त्ये आता मोजू नगा."

मी तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! मी म्हणालो, खोटं बोलून वाचवलेला कागद काय कामाचा? उद्या कुणाला कळलं तर? तर तुम्ही माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, जरासुद्धा टोचेल असं न बोलता म्हणालात, "मंग सांगा की समद्यांना. मी कुटं हात धरलाय?"

पुढे चाकण आलं, कांद्याचा वास आला आणि आपण उतरलो. ते भांडण तिथंच राहिलं. तुम्ही हात धरला नव्हता, हे खरंच आहे. मीच सांगितलं नाही. आधी वाटायचं, इंजिनियरचा परवाना हातात पडू दे. मग वाटलं, वडिलांच्या हयातीत नको. वडीलही गेले. मग संत तुकाराम नगरात घर झालं, नाव झालं, आणि सांगायची लाज चूक केल्याच्या लाजेपेक्षा मोठी होऊन बसली. ठराव मात्र टिकला. आज आपल्या मंडळातला एकही गवंडी नकाशाशिवाय ओळंबा लावत नाही. तुमचं खोटं माझ्या खऱ्यापेक्षा जास्त कामाला आलं, हे मला कधीच सहन झालं नाही.

शेवटचं भेटलो ते तुमच्या अंगणात. तुम्ही बाजेवर पडून होता, आवाज खोल गेला होता, डोळे मात्र तसेच. म्हणालात, "पायरी हाय का अजून?" मी म्हणालो, "आहे." तुम्ही "बरं" म्हणालात, त्या सकाळी दारातून जाताना म्हणाला होतात तेवढंच. तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सॉरी म्हणायला अर्धा श्वास लागतो. मी पंधरा मिनिटं नवीन परमिटच्या अर्जाबद्दल बोललो आणि निघालो.

परवा दुपारी तुमची शोकसभा झाली. तुमच्या घरून काकू आल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या मंडळाच्या इमारतीत कधी आल्याच नव्हत्या, बायका कुठे यायच्या आपल्या बैठकांना. चढता चढता शेवटच्या पायरीला त्या अडखळल्या. किसनशेठनी हात दिला आणि सवयीनं बोलून गेले, "जपून काकू, ही आमच्या तात्याची पायरी."

काकू पुढे गेल्या नाहीत. खाली वाकल्या. आधी सतराव्या पायरीला वीत लावली, मग अठराव्या. तुमच्याबरोबर पहिली दहा वर्षं त्यांनी मसाला कालवला आहे, हे आमच्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? उठून म्हणाल्या, "ही त्यांची चूक न्हाई. त्यांचं माप असं जात न्हाई."

दुःखात बाई बोलतेय, असं सगळ्यांनी धरलं. त्यांना सतरंजीवर बसवलं, तुमच्या फोटोला हार घातला, भाषणं झाली. मग किसनशेठ उठले. भला माणूस, डोळे पुसत म्हणाले, तात्यांची आयुष्यात एवढी एकच चूक राहिली. आपण ती दुरुस्त करू, जिना नीट करून घेऊ आणि तिथं त्यांच्या नावाचा दगड बसवू. घ्या ठराव लिहून, चिटणीस.

मी पेन उचललं. "तात्यांची एकमेव चूक" इथपर्यंत हात गेला. काकू समोर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत. कोपरानं ढोसायला शेजारी कुणी नव्हतं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं. फरशीची जाडी, दार, ओले पाय, मी मान वर केली नाही तेसुद्धा. माझा आवाज कसा येत होता मला माहीत नाही. खाली बस जात होती, तिच्यानं खिडकीची काच थरथरली, तेवढं आठवतं. किसनशेठ खाली बसले. "मग आमी इतकी वर्सं त्याला हसलो त्ये?" असं काहीतरी म्हणाले.

काकूंनी पदर सावरला. "येक सांगा," त्या म्हणाल्या. "आदी इचारलं व्हतं त्यांनी तुमाला?"

"दारात येऊन विचारलं होतं, काकू."

"मंग झालं." त्या तुमच्या फोटोकडे वळल्या. "इतकी वरसं मी घरात भांडले त्यांच्याशी. लोकं हसत्यात, जाऊन नीट करा म्हनलं. तर म्हनायचे, येक पायरी हाय माझ्या नावावर, ऱ्हाऊ दे की. मला वाटायचं, म्हातारपनी नजर गेली आन् कबूल करवत न्हाई." मग माझ्याकडे वळून, रागानं नाही, पण मऊही नाही, म्हणाल्या, "मला तरी सांगायचं व्हतं तुमी."

तुम्ही माझ्यासाठी जे सोसलंत ते एकट्यानं सोसलंत, असं मी धरून चाललो होतो. पुन्हा तेच, तात्या. एक थर मी हिशेबात धरलाच नाही.

सभेनंतर मी जुनी वही काढली. ते सुबक वाक्य खोडलं नाही, खाली लिहिलं. वरील नोंद माझ्या हातची आहे आणि खोटी आहे. नकाशात वरच्या फरशीची जाडी धरलेली नव्हती. तात्यांनी ठरावाप्रमाणे येऊन विचारलं होतं. तिसऱ्या कलमाप्रमाणे मी उठायला हवं होतं, मी उठलो नाही. खाली सही केली. अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं. जिन्याचं काय करायचं हा विषय पुढच्या बैठकीवर गेला, आपल्याकडे सगळेच जातात तसा. काही म्हणतात तसाच राहू दे. किसनशेठ म्हणतात, दीड इंच अठरा पायऱ्यांत वाटून टाकू, कुणाच्याच पायाला कळणार नाही. तुम्हीही तेच केलं असतंत, मी तुमच्याबरोबर येऊन पाहिलं असतं तर.

मला तुमची फार आठवण येते. शनिवारी संध्याकाळी जास्त येते. आता बैठका सभागृहात होतात, खुर्च्या आहेत, पंखे आहेत, आणि माणसं हवं ते बोलतात.

बाहेर उजाडलंय चांगलं. हे लिहिता लिहिता मघाशी दारात सावली पडली. आपल्या रविवारच्या वर्गातला एक गवंडी आलाय. चपला हातात, पाय सिमेंटनं ओले, म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच उभा आहे. म्हणतोय, "सायेब, कागदावर हाय तसंच केलंय, पन जरा येऊन बघता का?"

पेन ठेवतो, तात्या. जाऊन येतो.